मिसेस चॅटर्जी आणि न दाखवलेली वही

२०२५ च्या ऑगस्टात राणी मुखर्जी यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि त्याच आठवड्यात आमच्या घरी 'मिसेस चॅटर्जी व्हर्सेस नॉर्वे' हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहिला गेला. पहिल्यांदा तो आम्ही मार्च २०२३ मध्ये, प्रदर्शित झाला तेव्हाच, जिल्ह्याच्या गावी जाऊन पाहिला होता. दोन्ही वेळा माझ्या आईने पदर डोळ्यांना लावला. दोन्ही वेळा आमच्या सौ.नी त्या परदेशी बायांच्या नावाने बोटे मोडली. फरक पडला तो एवढाच, की दुसऱ्या खेपेस, घरच्या पडद्यावर पाहताना, आईने मध्येच मला विचारले, "ती बाई एवढं काय लिहिते आहे रे वहीत?"

मी म्हणालो, "ते दाखवलेलं नाही."

आईचे समाधान झाले नाही. माझेही झाले नाही. हा लेख त्या असमाधानातून निघाला आहे. चित्रपटाला नावे ठेवण्याची मला हौस नाही. ज्या चित्रपटाने माझी आई रडली त्याला नावे ठेवून दिवाळीच्या दिवसांत घरात राहणे अवघड असते, हेही खरे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर शहरात राहणारे एक बंगाली जोडपे. मोठा मुलगा आणि अंगावर पिणारी मुलगी. 'वेलफ्रेड' नावाच्या बालकल्याण संस्थेच्या बाया काही आठवडे घरी येऊन बसतात, पाहतात, वहीत टिपतात, आणि एके दिवशी मुले मोटारीत घालून घेऊन जातात. देबिका नावाची आई मोटारीमागे धावते आणि रस्त्यावर पडते. आरोप काय? मुलांना हाताने भरवते. काजळाची तीट लावते. मुले आईबापांच्या अंथरुणात झोपतात. नवरा घरकामाला हात लावीत नाही. पुढे न्यायालय, वकील, मंत्रिणीबाई, दिराकडे गेलेला मुलांचा ताबा आणि शेवटी कोलकात्याच्या न्यायालयात आईचा विजय.

ही गोष्ट घडलेली आहे. सागरिका चक्रवर्ती यांची दोन मुले २०११ च्या मे महिन्यात स्टाव्हांगरच्या बालकल्याण कार्यालयाने ताब्यात घेतली, तेव्हा धाकटी अवघी पाच महिन्यांची होती. २०१२ साली हे प्रकरण आपल्या संसदेपर्यंत आणि परराष्ट्र खात्यापर्यंत पोहोचले. त्या वर्षीच्या एप्रिलात मुले भारतात आली, पण आईकडे नव्हे, काकाकडे. मग बाईंना आपल्याच देशात, आपल्याच सासरच्या माणसांशी भांडावे लागले. २०१३ च्या जानेवारीत कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशाने मुले त्यांच्या हाती पडली. बाईंनी आपल्या आठवणींचे 'द जर्नी ऑफ अ मदर' हे पुस्तक २०२२ साली प्रसिद्ध केले आणि त्यावरून दिग्दर्शिका आशिमा छिब्बर यांनी हा चित्रपट केला.

आता चांगले आधी सांगतो. राणी मुखर्जी यांचा अभिनय भडक आहे, असे पुष्कळांनी लिहिले. मला तो भडकपणाच चित्रपटातली सर्वांत खरी गोष्ट वाटली. ही बाई ओरडते, जमिनीवर लोळते, अधिकाऱ्यांच्या अंगावर धावून जाते, मोडक्यातोडक्या इंग्रजीत नको ते नको त्या वेळी बोलून बसते, आणि तिची प्रत्येक किंकाळी समोरच्या बाईच्या लेखी तिच्याविरुद्धचा पुरावा ठरते. मुले नेली म्हणून ती आक्रोश करते, आणि आक्रोश करते म्हणून ती मुले सांभाळायला नालायक! गप्प बसली असती तर मुलांविषयी माया नाही असे म्हटले गेले असते. हा जो फास आहे तो राणीबाईंनी नेमका ओळखला आहे. संयत अभिनय करून प्रशंसा मिळवणे त्यांना सोपे होते. त्यांनी तो मोह टाळला, म्हणून त्यांचा मला आदर वाटतो. जिम सर्भ यांचा वकीलही लक्षात राहतो. नॉर्वेत तो देबिकेच्या बाजूने उभा राहतो आणि कोलकात्यात तिच्याविरुद्ध. या चित्रपटात दोन्ही बाजू ठाऊक असलेला तो बहुधा एकच माणूस.

पण बाकीचा चित्रपट आईच्या त्या प्रश्नाला बगल देतो. वहीतल्या नोंदींचा न्यायालयात उच्चारलेला सारांश तेवढा आपल्या कानी पडतो. तो ऐकून आपण हसतो, चिडतो, आणि मोकळे होतो. हाताने भरवणे हा काय गुन्हा झाला? आपल्या साऱ्या पिढ्या चिऊकाऊचे घास खाऊन वाढल्या! झाले, पहिल्या अर्ध्या तासातच खटल्याचा निकाल लागला. संस्थेच्या बायांना थंड हसणे दिले, मुलांच्या मागे पैशाचा व्यवहार असल्याची सूचना पेरली, की प्रेक्षकाला विचार करायला काही उरतच नाही. नॉर्वेच्या तेव्हाच्या राजदूतांनी मार्च २०२३ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून सांगितले, की हाताने भरवण्यावरून किंवा अंथरुणावरून आमच्याकडे मुले काढून घेतली जात नाहीत. सागरिकाबाईंनी त्या लेखाचा निषेध केला. कोणाचे खरे? तिथल्या कार्यालयाला गुप्ततेचे बंधन, त्यामुळे त्याची बाजू कागदांत बंद. आपण ऐकली ती फक्त एक बाजू. ती एक बाजू खरीही असेल. मला तरी ती पुष्कळशी खरी वाटते. परंतु कलाकृतीने मला जे वाटायला लावले ते तिने सिद्ध केले काय, एवढे विचारण्याचा अधिकार टीकाकाराला असतो.

माझा मुख्य आक्षेप असा आहे: 'ही आमची संस्कृती आहे' हे उत्तर अशा आरोपाला पुरे पडत नाही, आणि ते पुरे पडते असे मानणे मुलांच्या जिवाशी खेळणे आहे.

हे कठोर वाटेल, म्हणून एक उदाहरण देतो. लंडनमध्ये २००० सालच्या फेब्रुवारीत व्हिक्टोरिया क्लिंबिए नावाची आठ वर्षांची मुलगी मेली. पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टमधल्या आईबापांनी चांगल्या शिक्षणाच्या आशेने तिला एका नातलग बाईबरोबर युरोपात धाडले होते. त्या बाईने आणि तिच्या साथीदाराने पोरीचे हाल हाल केले. तिच्या देहावर १२८ जखमा व व्रण मोजले गेले. ही मुलगी रुग्णालयात जाऊन आली होती, समाजसेविकांनी पाहिली होती, पोलिसांच्या कागदांवर होती. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यातली एक नोंद माझ्या मनातून जात नाही. ही मुलगी त्या बाईसमोर शिपायासारखी ताठ उभी राहते, हे समाजसेविकेच्या कानावर आले होते. तिने समजूत करून घेतली, की त्या लोकांच्या कुटुंबांत वडीलधाऱ्यांचा असा मान राखतात. मुलीच्या खऱ्या आईबापांनी चौकशीत सांगितले, की आमच्या घरी ती अशी कधी उभी राहत नसे. अंगावरच्या खुणांबद्दलही कोणी तरी असेच धरून चालले होते, की आफ्रिकेत वाढलेल्या मुलांच्या अंगावर खुणा जास्त असायच्याच.

म्हणजे पाहा, स्टाव्हांगरमध्ये संस्कृती न ओळखल्याचा दोष, आणि लंडनमध्ये जरुरीपेक्षा जास्त ओळखल्याचा. दोन्हीकडे झाले एकच. समोरचे मूल आणि समोरची आई सोडून, 'हे लोक असे असतात' या आपल्या डोक्यातल्या चित्राकडे पाहिले गेले. चित्रपटही तेच करतो, फक्त चित्र उलटे धरतो: बंगाली आई अशी असते, गोऱ्या बाया तशा असतात.

आता आपल्या घरात येऊ. 'श्यामची आई' कोणाच्या घरी नाही? साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्र्यांनी त्यावर केलेल्या चित्रपटाला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. त्यातला पोहण्याचा प्रसंग आठवा. श्याम पाण्याला भितो, लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीने मारीत विहिरीकडे पाठवते. माझ्या वर्गातील मुलांना हा प्रसंग मी दरवर्षी वाचून दाखवतो, आणि दरवर्षी एखादे तरी पोर विचारते, "गुरुजी, लागलं नाही का त्याला?" कल्पना करा, की त्या दुपारी वही घेऊन एक बाई ओसरीवर बसली आहे. तिने लिहिले असते: मुलास पाण्याचे तीव्र भय; मातेकडून काठीचा वापर; अंगावर वळ; वडील अनुपस्थित. यातला एकही शब्द खोटा नाही. आणि या नोंदीला 'आमच्याकडे असेच असते' हे उत्तर मी देणार नाही. मुलाला मारू नये असे मला वाटते. नॉर्वेने १९८७ साली कायदा करून ते बंद केले, ते बरे केले. माझ्या हातातली छडीही पुष्कळ उशिरा सुटली, हे इथेच कबूल करतो.

मग त्या आईच्या वतीने काय उत्तर आहे? उत्तर पुस्तकातच आहे, आणि ते बाकीच्या रात्रींत आहे. साने गुरुजींनी त्या बाईला बेचाळीस रात्री दिल्या. एका दुपारच्या शिंपटीवरून तिला ओळखायचे त्यांनी नाकारले. मारणारी आई त्यांनी लपवली नाही, आणि तिला तेवढीच ठेवलीही नाही. कादंबरीकाराला जे करावे लागते ते हेच. अहवाल लिहिणाऱ्याला ते करायला सवड नसते, आणि काही वेळा इच्छाही.

सवडीचा हा मुद्दा मला एका अगदीच कोरड्या कागदाने शिकवला. चित्रपट पहिल्यांदा पाहिल्यावर, नॉर्वेच्या या कार्यालयांविषयी न्यायालयांनी काय म्हटले आहे ते वाचावे असे मनात आले. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात युरोपचे मानवी हक्क न्यायालय आहे. त्याच्या मोठ्या पीठाने १० सप्टेंबर २०१९ रोजी 'स्ट्रँड लोबेन विरुद्ध नॉर्वे' या खटल्यात निकाल दिला. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. शब्दकोश उशाला घेऊन तो वाचायला मला गणपतीची सारी सुटी लागली. पण वाचकहो, चित्रपटात जे नाही ते सारे तिथे आहे.

यातली आई नॉर्वेजियनच. परदेशी नाही, हाताने भरवण्याचा प्रश्न नाही, काजळाची तीट नाही. २००८ साली तिला मुलगा झाला. आपल्याला मूल सांभाळता येईल की नाही याबद्दल शंका होती, म्हणून ती आपण होऊन निरीक्षणासाठी एका कुटुंबकेंद्रात राहायला गेली. तिथल्या लोकांना बाळाचे वजन घटल्याची काळजी वाटली. तिला केंद्रातून निघायचे होते. तीन आठवड्यांच्या आसपासचे ते मूल तातडीच्या हुकुमाने काढून दुसऱ्या कुटुंबात ठेवले गेले. पुढे तिला मुलाला भेटायची मुभा मिळाली ती वर्षातून चार वेळा, दर वेळी दोन तास, आणि तीही देखरेखीखाली. या भेटी चांगल्या झाल्या नाहीत. मूल थकलेले, बावरलेले दिसे. त्या नोंदींच्या आधारावर ठरले, की आईचा अधिकार काढून मूल सांभाळणाऱ्या कुटुंबाला दत्तक द्यावे. मधल्या काळात या बाईने लग्न केले होते, तिला मुलगी झाली होती, आणि ती मुलगी तिच्याचजवळ वाढत होती.

सात न्यायाधीशांच्या पीठाने २०१७ साली चार विरुद्ध तीन मतांनी नॉर्वेच्या बाजूने कौल दिला होता. मोठ्या पीठाने तेरा विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. कारणे काय दिली? 'आईची माया थोर' असे एक अक्षर नाही. विचारले ते असे: इतक्या थोड्या भेटींवरून तुम्ही या बाईविषयी एवढे मोठे अनुमान कसे काढलेत? तज्ज्ञांचे अहवाल जुने झाले होते, नवी तपासणी का करवली नाही? मूल नाजूक आहे म्हणता, पण इतकी वर्षे चांगल्या घरात राहूनही ते अजून नाजूक का, याचे स्पष्टीकरण कुठे आहे? बाईचे आयुष्य बदलले, त्याची नोंद निर्णयात पुरेशी का नाही?

हे प्रश्न म्हणजे उत्तम साहित्यटीका आहे, असे मी म्हटले तर वकील मंडळी हसतील. पण लिहिणाऱ्याने काय पाहिले, किती वेळा पाहिले, केव्हा पाहिले, आणि पाहिलेले कुठे संपून समजलेले कुठे सुरू झाले, यापलीकडे आपण तरी कादंबरीला काय विचारतो? दत्तक गेलेले मूल मात्र त्या निकालाने आईकडे परत आले नाही. ते तोवर अकरा वर्षांचे होत आले होते.

अशा आरोपाला उत्तर देणाऱ्या आईबापांची सर्वांत मोठी अडचण ही आहे, की इथे फौजदारी खटल्यासारखा 'निर्दोष' असा शिक्का मिळत नाही. बर्लिनमध्ये २०२१ साली एका भारतीय जोडप्याची सात महिन्यांची मुलगी, तिला झालेल्या इजेवरून, सरकारी कार्यालयाने ताब्यात घेतली. २०२२ मध्ये आईबापांवरची फौजदारी चौकशी आरोप न ठेवता बंद झाली. तरी २०२३ च्या जूनमध्ये कुटुंबन्यायालयाने मुलीचा ताबा कार्यालयाकडेच ठेवला. पहिल्या ठिकाणी विचारतात, गुन्हा शाबीत आहे काय? दुसऱ्या ठिकाणी विचारतात, मूल तिथे सुरक्षित राहील काय? पहिला प्रश्न झालेल्या गोष्टीविषयी आहे आणि दुसरा न झालेल्या. न झालेल्या गोष्टीबद्दल निरपराधी असल्याचा पुरावा माणसाने आणायचा कुठून? चित्रपटाला खरे नाट्य हवे होते तर ते इथे पडले होते.

आणि आणखी एका ठिकाणी. चित्रपटाच्या शेवटचा सारा प्रकाश कोलकात्याच्या न्यायालयावर आहे. न्यायाधीश, भाषणे, 'मी चांगली की वाईट ठाऊक नाही, पण आई आहे' अशा आशयाचे देबिकेचे बोलणे. प्रत्यक्षात उच्च न्यायालयाच्या आधी, २०१२ सालीच, बर्दवान जिल्ह्याच्या बालकल्याण समितीने मुले आईकडे द्यावीत असे सांगितले होते. म्हणजे एका बालकल्याण कार्यालयाने जिला अपात्र ठरवले तिला दुसऱ्या देशातल्या बालकल्याण समितीनेच पात्र ठरवले! हे दाखवले असते तर खलनायक कोण हे सांगणे अवघड झाले असते. म्हणूनच बहुधा ते चित्रपटाच्या उपयोगाचे नव्हते. आपल्याकडेही जिल्ह्याजिल्ह्यात अशा समित्या आहेत. २०१५ च्या कायद्याप्रमाणे एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत निदान एक बाई. आणि अधिकार दंडाधिकाऱ्याचे. त्यांचा हुकूम पटला नाही तर तीस दिवसांत अपील करता येते. किती आईबापांना हे ठाऊक असते? मला स्वतःला, शाळेत वीस वर्षे काढून, हे कळले ते एका लाजिरवाण्या प्रसंगाने. तो सांगतो, म्हणजे आईच्या प्रश्नाने मी का चपापलो ते कळेल.

दहाएक वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. केस विंचरलेले नाहीत, गुंड्या तुटलेल्या, पहिल्या तासाला हमखास डुलक्या. गृहपाठ कधीच नाही. एकदा दंडावर काळे-निळे दिसले. विचारले तर म्हणाला, पडलो. मी प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला: 'घरी पूर्ण दुर्लक्ष. आई निष्काळजी.' लेखक माणूस. दोन वाक्यांत व्यक्तिचित्र रेखाटल्याचे थोडे समाधानही वाटले असेल.

आठवड्याने मधल्या सुटीत त्याची आई आली. हाताच्या कोपरापर्यंत ज्वारीचे पीठ. एस.टी. स्टँडासमोरच्या खाणावळीत ती पहाटे चारपासून भाकऱ्या थापीत असे. तिला वाचता येत नव्हते. "शेजारच्या पोरीनं वाचून दाखवलं," ती म्हणाली. "गुरुजी, तुम्ही आमच्या घरी कधी आला होता?" मी म्हणालो, नाही. "मग हे पान बदलून द्या." मी म्हणालो, पुस्तक छापील आहे, मुख्याध्यापकांची सही झाली आहे, बदलता येत नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि घंटा व्हायच्या आत निघून गेली.

पाचवीच्या शिक्षकांनी माझा शेरा वाचला आणि लिहिले, 'दुर्लक्ष कायम.' ते तिला कधी भेटलेही नव्हते. आणखी वर्षाने तिच्या नवऱ्याच्या पश्चात, मूल कोणाकडे राहावे यावरून दीर-भावजयीत वाद लागला. चार गुंठे जमीन त्याच्या मुळाशी होती, हे साऱ्या गावाला माहीत. दिराने पुढे केलेल्या कागदांत त्या दोन पानांच्या झेरॉक्स प्रती होत्या. प्रकरण समितीपुढे गेले, आणि मला बोलावणे आले. समितीतल्या एका वयस्क बाईंनी चष्मा पुसत मला तीनच गोष्टी विचारल्या. घरी गेला होता का? आईला किती वेळा भेटलात, आणि शेरा लिहिण्याआधी की नंतर? दंडावरची खूण कसली होती, हे कोणाला विचारलेत? माझी उत्तरे अनुक्रमे नाही, एकदा, नंतर, आणि मुलालाच, अशी होती. मुलगा आईजवळ राहिला. पण त्याला अकरा महिने लागले, आणि ते सारे महिने तो काकाकडे होता. दंडावरच्या खुणेचे काय, हे मला आजही माहीत नाही. पडलाही असेल. मारलेही असेल कोणी, काकानेसुद्धा. तेव्हा विचारायला हवे होते ते मी विचारले नाही आणि लिहायला नको होते ते लिहिले. म्हणजे स्टाव्हांगर आणि लंडन, दोन्हीकडच्या चुका मी एकट्याने एका चौकोनात केल्या.

हे सारे मनात असताना मी केन लोच या इंग्रज दिग्दर्शकाचा 'लेडीबर्ड लेडीबर्ड' हा १९९४ चा चित्रपट पाहिला. तोही घडलेल्या घटनेवर आधारलेला. मॅगी नावाची बाई, चार मुले, चौघांचे बाप वेगळे. मारझोडीला कंटाळून निराश्रित स्त्रियांच्या घरात आलेली ही बाई एका रात्री मुलांना खोलीत कोंडून गाण्याच्या कार्यक्रमाला जाते, मागे आग लागते, एक मुलगा भाजतो. मुले सरकार काढून घेते. पुढे पॅराग्वेहून आलेला एक भला माणूस तिला भेटतो, संसार थाटतो. पण नवे मूल झाले की तेही नेतात, आणि त्याच्यानंतरचे तर प्रसूतीच्या खाटेजवळून.

आमच्या सौ. हा चित्रपट पाहताना रडल्या नाहीत. अर्ध्यावर त्या म्हणाल्या, "हिच्याकडे मी तरी ठेवली असती का मुलं?" आणि शेवटाला म्हणाल्या, "पण आता तर ठेवायला हवी होती." कलाकृतीने हे करून दाखवावे लागते. लोच यांनी मॅगीची चूक झाकली नाही. तिने खरोखरच दार बाहेरून लावले होते. ती शिव्या देते, चांगल्या वागणाऱ्या माणसालाही बोचकारते. तिच्या बाजूला 'आमची संस्कृती' नावाची ढाल नाही. अशा बाईच्या कपाळी चिकटलेला जुना शेरा, ती बदलल्यावरही, कसा कागदावरून कागदावर उतरत जातो हे आपण डोळ्यांनी पाहतो, आणि आपण स्वतःही मनात तिच्याविषयी एक शेरा लिहून बसलो होतो हे ध्यानात येते. मॅगीचे काम करणारी क्रिसी रॉक ही लिव्हरपूलची विनोदी कार्यक्रम करणारी बाई. पहिल्याच चित्रपटासाठी तिला बर्लिनच्या महोत्सवात अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले. तिचा आक्रोश आणि राणीबाईंचा आक्रोश एकाच जातीचा आहे. फरक आहे तो पटकथेत. एकीने आईला निर्दोष ठरवून मग आरोप ऐकवला. दुसरीने आरोप खरा धरून मग आई दाखवली.

'मिसेस चॅटर्जी' पाहू नका असे मी कोणाला सांगणार नाही. ज्यांची मुलेबाळे परदेशी आहेत त्यांनी तर पाहावाच, आणि भिऊन जाऊ नये. आईने आता तिसऱ्यांदा पाहायचा घाट घातला आहे. भाऊबीजेला बहीण येईल तेव्हा.

माझे म्हणाल तर प्रगतिपुस्तकातला शेऱ्याचा चौकोन चार बोटे रुंद आणि दीड बोट उंच आहे. अलीकडे मी त्यात तारीख घालतो, काय दिसले ते लिहितो, किती वेळा दिसले ते लिहितो, घरी गेलो असेन तर तेही. अक्षर बारीक करूनही ओळी चौकोनाबाहेर जातात, समासात चढतात. गेल्या सहामाहीला मुख्याध्यापकांनी पुस्तकांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, कादंबरी घरी लिहीत चला."

मी गठ्ठा उचलला आणि राहिलेली अकरा पुस्तके पुरी करायला घेतली.